भावानं वाचून दाखवलेली नोटीस

जन्म माहा कामरगावचा. लगीन करून देलं मानोऱ्याकडं, नवरा वारला तवा दोन पोरी घेऊन मी पुन्हा इथंच आली, बाप म्हने घराच्या बाजूची जागा पडीक हाय, तिथं टाक खोली. छपराचे टिनपत्रे कारंज्याहून देवानंदनं आनले, देवानंद म्हंजे माहा लहान भाऊ, खांब त्यानंच गाडले, मी माती कालवली. पोरी तिथूनच उजवल्या. शाळेत खिचडी शिजवते मी, हात चांगला हाय माहा, पोरं मांगून मांगून खातेत. हां, तुमी वकिलाचं इचारून राह्यले.

मले वाचता येत नाई. सही येते, ती देवानंदनंच शिकवली. म्हनून कागद आला का तो त्याच्याकडं, बँकेचा, राशनचा, लाइटबिल, सारं तोच वाचे. बाप गेल्यावर जागेतला हक्क सोडाचा कागद झाला, तोबी त्यानंच वाचून दाखवला. आमच्याकडं बहिनी सोडतातच, म्या सही केली. तवा तो म्हनला होता, बाई, तुह्या खोलीले मी हात लावनार नाई.

मांगच्या साली पोष्टमननं सही घेऊन पाकीट देलं. मी तसंच घेऊन भिंतीपलीकडं गेली, तो चहा पिऊन राह्यला होता. म्हनलं पाह्य बरं, कायचं हाय. त्यानं पाकीट पाह्यलं अन् भावजयीकडं पाह्यलं, भावजय आत निघून गेली. नोटीस त्याचीच होती ना! त्याच्या वकिलानं मले धाडली. भाच्याले घर बांधाचं हाय, तं मी महिन्यात खोली खाली कराव.

आता काय सांगू तुमाले, दुसरा असता तं काहीबाही सांगून मोकळा झाला असता. यानं चष्मा लावला अन् सारी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. माहं नाव आलं तिथं अटकला, मंग पुढं गेला. म्हनलं म्हंजे तू मले काढून राह्यला का? म्हने हो बाई, तसंच हाय. राग आला मले, खोटं कायले बोलू, पन तोंडातून निंघालं ते दुसरंच, म्हनलं मंग म्या आता काय कराव? तो म्हने वकील कर. कोन्ता करू, मले कोन ठाऊक हाय कोर्टातलं? त्यानं चष्मा काढून ठेवला. मंग म्हने, कारंज्यात कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाजवळ एक वकीलबाई बसते, तिले कर. माहा वकील तिले कचरते.

गेली मी जीपनं. वकीलबाई माह्या मोठीच्या वयाची. वकीलपत्रावर माही सही घेतली अन् इचारलं, माहं नाव कोनं सांगतलं? म्हनलं, ज्याची नोटीस हाय त्यानं. तिनं पेन खाली ठेवला. म्हने मावशी, त्याच्याकडं नोटीस घेऊन काहून गेल्या? म्हनलं वाचाले. ती हसली नाई. म्हने आजपासून एकबी कागद त्याच्याकडं न्याचा नाई. हे मले जड गेलं, खरं सांगते, नोटिशीपेक्षा जड गेलं.

मंग हक्क सोडतानाचं त्याचं बोलनं म्या सांगतलं. कोन होतं तवा? मी अन् तो, तिसरं कोनी नाई. म्हने मावशी, मंग तो नाई म्हनून मोकळा होइन. म्हनलं, तुमी इचारून त् पाहा.

तारखा चालू हायेत. त्या वक्ताची यष्टी एकच, तं दोघं एकाच गाडीनं जातो, बोलत नाई, उतरलो का तो तिकडं, मी इकडं. शाळेतली मास्तरीन आता माहे कागद वाचते. चांगली हाय बिचारी, भरभर वाचते.

येत्या तारखेले वकीलबाई त्याले कोर्टात ते खोलीचं बोलनं इचारनार हाय. तिले धाकधूक हाय, मले नाई. तो हो म्हनन. खोली राहीन माही. मंग घरात भाचा त्याले काय म्हनन, भावजय त्याले जेवाले देइन का नाई, हे वकीलबाईच्या फायलीत कुठं नाई. खरं बोल्ला का हारला तो, अन् बोलन तो खरंच. सुखी राहो बापा, अजून काय म्हनू.