पाचवीची पाहुणी

अकोल्याहून सुटलेल्या जीपमध्ये मुमताजच्या समोर सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या मांडीवर पाच दिवसांचं बाळ. आज घरी पाचवी पुजायची, म्हणून हट्टानं दवाखान्यातून सुट्टी घेऊन निघालेल्या.

“आत्या, त्याचे ओठ परत हलत्यात.”

“सटवाई हसवती त्याला.”

“हात दाबून धरला तरी उडतोच हाय.”

“मग खेळवती. आठव्या महिन्यातच झालेलं लेकरू, तिचा जीव गुंतलाय.”

“सकाळपास्नं प्यालं न्हाई.”

“रडलं का?”

“न्हाई.”

“मग? लई शहानं हाय.”

मुमताजनं वाकून बाळाचा तळपाय चाचपला. गार लागला.

“सटवाई आमच्यातबी येती,” ती म्हणाली. “माझ्या तान्ह्या मेहरीनला अशीच हसवत, खेळवत घेऊन गेली. ड्रायव्हरभाऊ, गाडी माघारी दवाखान्यात घ्या!”