दुनिया म्हंजे जवळची

कोल्हापूरच्या स्टँडवर, मुंबईच्या गाडीच्या रांगेत स्वप्नाली उभी होती, नर्सची नोकरी धरून आफ्रिकेला निघालेली. शेजारी तिची आजी धोंडुबाई, पदराखाली दह्याचा डबा. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, तेच आजीनं सकाळपासून अडवून धरलं होतं.

"एवढ्या लांब जायाचं न्हाय. त्या लोकांची बोली तरी कळतीया का तुला?"

"शिकतोय की. दुनियेला तिथंबी दुनियाच म्हणत्यात, आजी."

"चल, खोटारडी! आमचा शब्द समुद्रापल्याड कोण नेऊन ठेवल?"

मागनं एक दाढीवाले म्हातारे बोलले, "पोरगी खरं बोलतीया, आक्का. मी पोरांना अरबी शिकवतो. शब्द मूळचा अरबी. तुर्कस्तानात हाच, मलेशियातबी हाच."

"आगं बया! एवढा फिरला? आन् अरबीत अर्थ काय वो त्येचा, पावणं?"

"जवळची. मेल्यावरचं जग लांब, म्हणून ही जवळची."

"एवढी थोरली दुनिया, आन् नाव जवळची?"

"व्हय."

धोंडुबाईनं तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. मग तिनं डब्याचं झाकण काढलं.

"बघत काय हुबी ऱ्हायलीस? हात कर पुढं."