गुरुबसप्पाच्या दुकानातली लिफ्ट

अमृतराव : ...आन् फरशीचं मी धरतच न्हाई. काचंचं दार बी सोडून दे. पर लिफ्ट? कापडाच्या दुकानात लिफ्ट कशाला लागते? अकरा लाख, गंगम्मा. एवढ्यात उदगीरला धाकलं दुकान टाकून झालं असतं.

गंगम्मा : हाव.

अमृतराव : हाव काय?

गंगम्मा : सकाळपासून तेच सांगून राहिले तुमी. मी दर बारीला हाव म्हणले. आता ज्वारी निवडू द्या.

अमृतराव : चाळीस लाखात दुकान नवं करून दाखवते म्हणली तुजी लेक. झालं किती? एकाहत्तर. चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला.

गंगम्मा : तुमच्या बापानं बांधलेलं दुकान. सारं लातूर 'गुरुबसप्पाच्या पायऱ्यांवर भेटू' म्हणतंय. त्याला तुमी चार आण्याची कोंबडी म्हणून राहिले.

अमृतराव : शब्दात पकडू नगं. मी खर्चाचं बोलूलालो.

गंगम्मा : नवं दुकान बघितलं का तुमी?

अमृतराव : न्हाई.

गंगम्मा : माल न बघताच भाव पाडून राहिले. गिऱ्हाइकानं असं केलं तर काय म्हणता तुमी त्याला?

अमृतराव : त्याला मी चहा पाजतो. हे बघ, माझा शब्द हाय. वरच्या मजल्यावर एक तरी लग्नाचा बस्ता बांधू दे, मग मी तिथं पाय ठिवीन. उघडून आठ दिस झाले. खाली टावेल, टोप्या, शर्टाचे पीस जाऊलालेत, वर कुत्रं चढलं न्हाई. सुकन्यानं सोता कबूल केलंय, आज संध्याकाळपर्यंत वर बस्ता झाला न्हाई तर वरचा मजला मल्लिनाथला भाड्यानं. तो पाच वाजता इसार घेऊन येऊलालाय. तिथं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा क्लास काढतो म्हणतोय. लातुरात क्लासवाल्यासारखं पक्कं भाडं कुणाचं न्हाई. पोरं रट्टा मारतील आन् लिफ्टचे हप्ते फिटतील.

गंगम्मा : आन् शालू कुठं ठेवायचे?

अमृतराव : खाली. जिन्याखाली दोन कपाटं करू.

गंगम्मा : जिन्याखाली शालू. बरं. फोन वाजून राहिला बगा.

अमृतराव : तिचाच हाय. स्पीकरवर टाक. बोल.

सुकन्या : अप्पा, जळकोटचा बस्ता आलाय. नवरा-नवरी दोन्हीकडची माणसं. दोन क्रूझर भरून.

अमृतराव : आत आलेत का रस्त्यावर हायत?

सुकन्या : आधी रस्त्यावरच उभे होते. काच बघून म्हणले, हे ते दुकान न्हाई, ते स्वस्त होतं.

अमृतराव : सांगितलं होतं मी. काच बघितली की माणूस खिशावर हात ठिवतो. आता आतनं हाका मारू नगंस. पायरीवर उतर, पाणी दे, आन् बजेट इचारू नगंस, गाव इचार...

सुकन्या : झालं ते सगळं. पाणी दिलं, गाव विचारलं, नवरीच्या मामाचं गाव विचारलं. आत आले. चपला मात्र पायरीवर काढून आले. मी म्हणले, असू द्या. तर म्हणले, एवढ्या चकचकीत फरशीवर चपला घालून यायला आमी काय येडे हाव का?

अमृतराव : ...इमानदार माणसं हायत. मग?

सुकन्या : आहेराचं सगळं खालीच निघालं. मानाची लुगडी झाली, टावेल-टोप्या झाल्या. आता शालू राहिलाय. आन् शालू वर हाय.

अमृतराव : मग ने की वर.

सुकन्या : नवरदेवाची आज्जी हाय सोबत. गुरम्मा नाव. ती हो म्हणल्याबिगर शालू ठरत न्हाई. तिच्यानं जिना चढवत न्हाई. आन् लिफ्टला म्हणली, मी त्या कपाटात बसणार न्हाई. मेल्यावर न्याल तवा न्या.

अमृतराव : घ्या. अकरा लाखाचं कपाट. आता माझं ऐक, दहा-पंधरा शालू खाली आण, म्हातारीपुढं टाक. आजवर असंच चाललंय.

सुकन्या : आन् आजवर काय झालंय, अप्पा? दहा आणले, म्हातारी न्हाई म्हणली. पोऱ्या परत वर गेला, आणखी दहा आणले, रंग चुकला. तोवर दुपार टळली, माणसं कावली आन् शालू समोरच्या दुकानातनं गेला. किती बस्ते असे अर्धे तुटले ते तुम्हालाच ठाऊक.

अमृतराव : ...तुटले. न्हाई म्हणत न्हाई मी.

सुकन्या : मी शालू खाली आणणार न्हाई. एकदा खाली आणले की वर नुसतं गोदाम. आन् पाच वाजता गोदामात मल्लिनाथचे बाक.

अमृतराव : मग काय करतीस? म्हातारीला उचलून नेतीस?

सुकन्या : अव्वाला पाठवा.

अमृतराव : कुणाला?

सुकन्या : अव्वाला. गुरम्मा माझं ऐकायच्या न्हाईत, मी त्यांना पोर दिसते. अव्वाचं ऐकतील.

अमृतराव : तिचे गुडघे बघितलेस का? डॉक्टरनं पायऱ्या चढायला मना केलंय तिला.

सुकन्या : पायऱ्या कुठं चढायच्या हायत, अप्पा?

गंगम्मा : जाते मी.

अमृतराव : तू थांब. एवढं ऊन हाय बाहेर.

गंगम्मा : मागच्या गल्लीतून गेलं की दुकान हाय, हैदराबादला न्हाई जाऊन राहिले मी. सुकन्या दहावीला होती तवा वर गेले होते. त्याच्यानंतर न्हाई.

अमृतराव : काहीबी काय बोलतीस. दर दिवाळीला लक्ष्मीपूजन वरच होतंय की, तिजोरीपाशी.

गंगम्मा : होतंय. ताट मी करते, ते वर जातं. मी खालच्या पायरीपाशी उभी असते. आरती ऐकू येते. मग परसाद खाली येतो.

अमृतराव : तू वर नसतीस?

गंगम्मा : न्हाई.

अमृतराव : इतकी वर्षं बोलली कामून न्हाईस?

गंगम्मा : तुमी कवा मागं वळून बघितलं न्हाई. आरती म्हणताना तुमचे डोळे मिटलेले असतात. बरं, ज्वारीला कोंबड्या लागू देऊ नका. निघते.

(गंगम्मा गेली. अमृतराव अर्धवट निवडलेली ज्वारी पुढ्यात घेऊन बसले. फोन अजून चालूच होता हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं.)

अमृतराव : सुकन्या, हायस का?

सुकन्या : हाय. ऐकूलाले.

अमृतराव : तुला ठाऊक होतं?

सुकन्या : नकाशावाल्याला मी सगळ्यात आधी लिफ्टच सांगितली होती. फरशी, काच, दिवे सगळं मागनं.

अमृतराव : मग मला तसं सांगायचंस. गिऱ्हाइकाची सोय म्हणून कामून सांगत बसलीस? मी वर्षभर भांडलो तुझ्याशी.

सुकन्या : अव्वासाठी म्हणले असते तर तुम्ही एका शब्दात हो म्हणला असता, अप्पा. तीच न्हाई म्हणली असती. माझ्यापायी एवढा खर्च नगं म्हणून रुसून बसली असती. तुमच्याशी भांडणं परवडलं मला.

अमृतराव : बापाशी भांडणं परवडलं म्हणती.

सुकन्या : आली बगा अव्वा.

अमृतराव : फोन ठिवू नगंस. काय चाललंय ते सांग.

सुकन्या : दोघी लिफ्टच्या दारात उभ्या हायत. बोलूलाल्यात.

अमृतराव : शालवाचं?

सुकन्या : गुडघ्याचं. कुठलं तेल लावता म्हणून.

अमृतराव : अगं, बस्ता थांबलाय तिथं.

सुकन्या : घाई करू नका. माणसाला दम खाऊ द्यावा, मग माल दाखवावा, हे तुमचंच म्हणणं हाय. ...अप्पा, अव्वानं त्यांचा हात धरला. बसल्या. दार लागलं.

अमृतराव : तू सोबत हायस ना?

सुकन्या : मी जिन्यानं पळूलाले. थांबा. ...आल्या वर. दोघींचे डोळे गच्च मिटलेले हायत अजून. अव्वा, उघड डोळे. घ्या, अव्वाला देते फोन.

अमृतराव : गंगम्मा?

गंगम्मा : हाव.

अमृतराव : कसं वाटलं? भ्यालीस का?

गंगम्मा : भ्याले की. तिला बी तेच म्हणले, बाई, मी बी भिऊन राहिले. पण मेलो तर सोबत तरी असंल. त्यावर हसली आन् बसली. पाळण्यागत जरा हललं, बस. अवो, किती उजेड करून ठेवलाय पोरीनं इथं. भिंतीला शालूच शालू, खालपासून छतापर्यंत. आन् खिडकीतून गोलाईचा सगळा बाजार दिसून राहिला. फुलवाले, बांगडीवाले, आपल्याच पायऱ्यांवर बसलेली माणसं. आपल्या दुकानातून एवढं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं.

अमृतराव : ...गुरम्मा काय करूलाल्यात?

गंगम्मा : फिरून राहिल्या भिंतीच्या कडंकडंनं. हात लावून लावून. कुणाला मधी बोलू देईनात. म्हणल्या, जलमभर शालू माझ्यापुढं येऊन पडले, आज मी शालवाकडं चालत आले. तुमी इथं असते तर तुमचा बी ऊर भरून आला असता.

अमृतराव : माझा इथं बी भरून आलाय. पुढं बोल.

गंगम्मा : तीन उलगडले, तीन न्हाई म्हणल्या. चौथा डाळिंबी. त्यावर हात ठेवला तो काढलाच न्हाई. नवरी मुलगी लाजून हो म्हणली. ठरला. मग सुकन्यानं त्यांना इचारलं, आज्जी, तुमाला काय घ्यायचं? कुणी कवा इचारलंच न्हाई म्हणे तिला, दर लग्नात जे हातात ठेवतील ते नेसायचं. तिनं सोता एक इरकल काढलं. काळं, लाल काठाचं. बस्ता बांधून राहिले आता. दुसरी एक पार्टी खालून बघून वर आलीय, अहमदपूरची. ती लिफ्टनंच आली.

अमृतराव : थांब जरा. दारात कोण हाय? या मल्लिनाथ, वेळेवर आलात. बसा. न्हाई, इसार खिशातच ठिवा. राग मानू नका, पर वरचा मजला आता भाड्यानं न्हाई. न्हाई, वाढवून बी न्हाई. तुमच्या पोरांना बाक टाकायला लातुरात पन्नास जागा भेटतील. माझ्या शालवाला तिथल्यासारखा उजेड दुसरीकडं न्हाई. चहा घेऊन जा. साखर किती? ...ऐकलंस का, सुकन्या?

सुकन्या : अव्वा हाय फोनवर, अप्पा. पण ऐकलं मी. समद्या मजल्यानं ऐकलं.

अमृतराव : एकाहत्तर लाख लई झाले, हे मी आज बी म्हणतो.

सुकन्या : म्हणा.

अमृतराव : पर त्यातले अकरा मी आता मोजत न्हाई. बस्ता बांधून होईस्तोवर मी येतो तिथं. कापूर घेऊन येतो, नव्या तिजोरीला ओवाळायचं राहिलंय. गंगम्मा, घराला कुलूप लावून किल्ली शेजारी ठिवू का? तू कवा येतीस?

गंगम्मा : किल्ली तुमच्याजवळच ठेवा. मी दुकान बंद झाल्यावर येणार.