लेकाला तेल, बापाला पाठ

चहा निवतोय, तो घे आधी, मग आमच्या शांतामावशीचं ऐक. मावशी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरची. सकाळी तिची बोटं इतकी आखडायची की वेणीसुद्धा घालता यायची नाही, पण बाई कुणाला बोलली असेल तर शपथ! शेवटी मीच तिला ओढत नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "मावशी, हा संधिवात आहे. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उठलीय. शिवाय तुमचं व्हिटॅमिन डी फार कमी आहे. त्यानंच हे झालं असं नाही, पण दोन्ही पुष्कळदा जोडीनं दिसतात. गोळ्या देते, आणि रोज थोडं ऊन अंगावर घ्या."

मावशी भडकलीच. "ऊन? अवो, तीस वर्सं कांदा खुरपते मी! सारा जलम उन्हात गेला माजा!"

"खुरपताना अंगात काय घालता?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मग मीच सांगितलं, "साडीवर काकांचा फुल शर्ट, हातात मोजे, तोंडाला स्कार्फ. डोळे तेवढे उघडे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मावशीचे सुजलेले हात हळूच हातात घेऊन बसल्या. त्या हातांकडं बघत मावशी म्हणाली,

"माजंच चुकलं, बाई. दर शनवारी शिंगणापूरला जाऊन शनिदेवाला तेल देते, अन् त्याच्या बापाला, त्या सूर्याला, तीस वर्सांत तोंड बी दाखवलं न्हाई!"