नाकापुरते बसा

नाई नाई, उठू नका भाऊ. ट्रॉलीवरचा नंबर ओला आहे अजून, बोट लागलं का आठाचा तीन होते. बसा असेच, तोंड तेवढं दाराकडे — हां. तुमचं चित्र काढून राह्यलो मी. काऊन म्हणजे? शिकून राह्यलो. बावन्नाव्या वर्षी. हासा, पण हलू नका.

तीस वर्षं झाली राजुऱ्यात पाट्या रंगवून. पाट्या आन् वाघ. ताडोब्याच्या वाटेवर जेवढे ढाबे, तेवढे या मुखरू पेंटरचे वाघ — डोळे मिटून काढतो, पट्टे मोजून घ्या. पण माणूस काढायले बसलो का त्याचाही वाघच होते. चंदन न्हाव्याचं काढलं, तर त्याची बायको म्हणे, यायले जंगलात सोडून या. चुकलं कुठी? मंग माझ्या पोरीनं, रीतानं, मोबाइलवर दाखवलं — बाबा, डोळे डोक्याच्या मधोमध असतात, तुमी वर चढवता. म्हटलं, मधोमध कसे असतीन, मधोमध तर नाक. सुतळी घेतली, सोताचंच डोकं मोजलं — हनुवटीपासून डोळ्यापर्यंत जेवढं, डोळ्यापासून टाळूपर्यंत तेवढंच. मंग भेटन त्याले मोजलं. वारलूभाऊले मोजलं, बसच्या कंडक्टरले मोजलं, एकानं तर इचारलं, टोप्या शिवून राह्यला का? सारे सारखे, भाऊ. अर्धं डोकं वरच्या अंगालेच जाते — नशीब लिहायले जागा लागत असन.

मान जराशी इकडे. बस.

आता डोळे जमले. ओठ सरपंचबाईचे घेतले, तिले माहीत नाई. कान डेअरीतल्या करिश्माबाईचे, हनुवटी रीताची. नाक तेवढं राह्यलं होतं. तुमी आज ट्रॉली घेऊन आले, उनात उभे राह्यले, आन् मले — राग मानू नका, बाईचं नाक आहे तुमाले. नाई, चांगलं आहे. कोणती बाई म्हणजे? एवढं सांगायचं नव्हतं मले.

रंभा. बायको माझी. तिले जाऊन दोन वर्षं होतीन आता. फोटो आहे ना, आधार कार्डावर — त्यात ती नाई, कोणी भ्यालेली बाई आहे. लग्नाच्या फोटोत पदर नाकापर्यंत. म्हटलं मनातून काढू, सोपं आहे. पेन्सिल टेकवली आन् काईच नाई. वाघाच्या कोणत्या गालावर किती पट्टे ते झोपेत सांगतो मी, भाऊ. ती सव्वीस वर्षं बाजूले येऊन चहा ठेवे, आन् मी पाटीवरची नजर न काढता म्हणो — ठेव. पाह्यलंच नाई. आता जेवढी ध्यानात आहे तेवढीही रोज थोडी थोडी जाऊन राह्यली, म्हणून लोकाइचे कान-नाक जमा करतो.

नाक तिचं शेंड्याशी बसकं, हासली का फुले — तेवढंच ध्यानात आहे. तुमी हासा बरं. तसं नाई, फोटोतल्यावानी नको — खरं हासा. माह्यावर हासा, बायकोचं नाक माहीत नसलेल्या माणसावर.

हां. तसंच. बोलू नका आता.

...

उठा, भाऊ. नंबर वाळला असन. नाई, नाई दाखवत — तुमचं नाईच ते. जा तुमी. दार लोटून घ्या.