माझ्या माहेरी आधी सासूबाई

आणि ते लुगडं माझं होतं. जांभळं, रेशीमकाठी, माझ्या आईनं माझ्यासाठी पेटीत कडुनिंबाचा पाला घालून दोन वर्षं जपलेलं, ते नेसून सासूबाई अंगणात उभ्या आणि वर मलाच विचारतायत, ‘कसं दिसते वं?’ आता काय सांगायचं? छान दिसतंय म्हटलं. दिसत होतंच, तेच तर दुखणं आहे.

तुम्ही म्हणाल, सासूनं सुनेचं लुगडं नेसलं तर एवढं काय. तसं नाही हो. आधी ऐकून तर घ्या. माझं माहेर काटेपूर्णेच्या काठी, इथून, म्हणजे अकोल्याहून, सहा कोस. सहा कोस म्हणजे काय लांब आहे? पण दोन वर्षं मी गेले नाही, कारण बंडी नाही, बैलगाडी हो. अख्ख्या वऱ्हाडात बंडी नाही. म्हणजे आहेत, हजारांनी आहेत, पण सगळ्यांवर कापूस. तिकडे अमेरिकेत म्हणे भाऊभाऊ लढतायत, त्यांच्याकडचा कापूस येईनासा झाला, म्हणून विलायतेला आमचा हवा… आता मला सांगा, भांडण त्यांचं, आणि माहेर तुटलं माझं. माझ्या वडिलांचे स्वतःचे बैल, पण तेही कापसाखाली, मला न्यायला गाडी पाठवू कुठून म्हणतात. आणि पायी जायचं म्हटलं तर लेक पायी माहेरी आली म्हणजे सासरच्यांनी हाकलली, असं गाव दारात यायच्या आधीच ठरवून टाकतं.

आमच्या दारावरून बाजाराचा रस्ता. पहाटेपासून बंड्यांची रांग, एकीच्या मागं एक, धूळ, घुंगरं, हाकारे, मधेच एखादा बैल बसलेला, त्याच्यामागं अर्धा कोस सगळे खोळंबलेले आणि एकमेकांच्या आयाबहिणी काढतायत. पलीकडच्या मनकर्णाबाईकडे विरजण आणायला गेले तर मला परत येता येईना. दुपारपर्यंत तिकडेच. आणि प्रत्येक हाकाऱ्याला मी दचकते. हो, दचकते. लहानपणापासून. भांडं पडलं, दार वाजलं, कोणी शिंकलं की माझा जीव तोंडाशी येतो. मी शिकलेली आहे, बाळबोध वाचते, मोडी वाचते, पण घरात माझी ओळख काय? ‘ते दचकते ते.’

आता ऐका. या रस्त्याच्या पलीकडं आगगाडीचा भराव. रूळ अजून पडायचे होते, नुसता मुरूम चोपून बसवलेला, वर बारीक खडी, सरळ सपाट, बाभळीच्या बनातून, पळसाच्या रानातून, नदीच्या काठाकाठानं थेट काटेपूर्णेपर्यंत. आणि त्यावर बंडी चढवायची नाही असा साहेबाचा सक्त हुकूम. इकडे मुंगी शिरायला जागा नाही आणि तिकडे सहा कोस वाट मोकळी पडलेली. आमचे हे त्या भरावावर मुकादम. नाव सांगत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे, ते पुढं येईल. तर साहेबाकडे एक पायगाडी होती. दोन चाकं, एकामागं एक, मधे लाकडी दांडा. दांड्यावर बसायचं आणि पायांनी जमीन मागं लोटायची, की ती पुढं पळते. बैल नाही, काही नाही. साहेब तीनदा पडला आणि तिसऱ्यांदा उठून यांना म्हणाला, ‘ले जाव.’ यांनी मुनव्वर मिस्त्रीकडून चाकांना नव्या लोखंडी धावा चढवून घेतल्या आणि मागं दप्तराची पेटी ठेवायला फळी ठोकून घेतली. फळी बघितली आणि तुम्हाला सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो पेटीचा नाही. इथे मी मावते.

मी यांना म्हटलं, मला माहेरी न्या. हे हो म्हणाले. तसे चांगले आहेत हो. भरावावर गेलो, सगळे बघतायत, मी पदर खोचून फळीवर बसले, पाय एका बाजूला. मुनव्वर म्हणतो, ‘भाबी, गिरने का हुआ तो पयले बोल देना, मैं चाक पकड लूंगा.’ चाक. मला नाही, चाक. हे पायानं रेटायला लागले, चार हात गेलो असू, वरून घार ओरडली… आणि आम्ही भरावाखाली बाभळीत. मी, हे आणि पायगाडी. मुनव्वर धावत आला आणि त्यानं बोलल्याप्रमाणे चाकच पकडलं.

सासूबाई वरून बघत होत्या. दुर्गाबाई म्हणतात त्यांना, नाव अगदी शोभतं. खाली उतरल्या, माझ्या केसातले काटे काढले, आणि म्हणाल्या, ‘सरक. तुले नाई जमणार बाई, तू दचकतं.’ आणि यांना पुढं बसवून फळीवर बसल्या. गावाच्या टोकापर्यंत जाऊन येतो म्हणाल्या. दुपार झाली, दिवस कलला, मी दारात. संध्याकाळी आल्या. जांभळ्या लुगड्यात.

कुठे गेल्या होत्या? माझ्या माहेरी.

अहो माझ्या! ‘वाट मोकळीच होती, थांबावं कुठं?’ म्हणाल्या. आता बघा, विहीण पहिल्यांदा दारात आली म्हणजे काय काय करावं लागतं, तुम्हाला मी सांगायला नको. पाय धुवायला ऊन पाणी, पाट, पुरणपोळी, आणि जाताना लुगडं. आईच्या घरात नवं लुगडं एकच. ते माझं. आई तरी काय करणार? विहिणीला मोकळ्या हातानं पाठवायची? आणि मला वाटलं आई मनातून जळली असेल… कुठलं काय. ‘तुही माय लय गुणाची हाय वं,’ सासूबाई म्हणाल्या, ‘मले म्हणे, विहीनबाई, पुढच्या सोमवारी या बरं.’ पुढच्या सोमवारी! मला दोन वर्षांत कोणी वार सांगितला नाही.

मग काय, दर सोमवारी. सोमवार उजाडला की सासूबाई न्हाऊनधुऊन, हातात काठी, मागच्या फळीवर. काठी कशाला? तर चढ लागला की मागून त्याही रेटतात. आणि संध्याकाळी आल्या की मी भाकऱ्या थापत बसलेली आणि चुलीशी बसून त्यांचं सुरू. ‘अवं, ना बंडी ना धूळ. पळस असा फुलला, लालेलाल. हरनं पानी पिऊन राहिली होती, आमी गेलो तं मान वर करून पाह्यलं अन् पुन्ना पेली. येवढं सुख मले कशातच नाई भेटलं बाप्पा.’ आणि मी? मी त्या वेळी काय केलं होतं दिवसभर? सरकी वेचली. मला हरणांचा हेवा वाटला, पळसाचा वाटला, त्या काठीचा वाटला. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी मी येते. लगेच उत्तर. ‘तू दचकतं.’ मी म्हटलं, आई माझी आहे. ‘तुहीच हाय, कोन नाई म्हनते? पन तू दचकतं.’ आणि वर, ‘तुह्या मायनं शेवया देल्या,’ म्हणून माझ्यासमोर पुडकं. त्या शेवया माझ्या आवडीच्या. आईनं कोणासाठी दिल्या हे मी विचारलं नाही. उत्तर आलं असतं.

एवढ्यात हे घरी येऊन सांगतात, रूळ आले. पंधरा दिवसांत भरावावर पडणार, मग पायगाडी बंद. म्हणजे दोनच सोमवार. मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईला म्हटलं, तू रोज माझ्या मागं येऊन ताट बडव. न सांगता. तिनं बडवलं हो, बिचारी मन लावून बडवायची, न्हाणीत बडवलं, तुळशीपाशी बडवलं, एकदा मी पाण्याची घागर घेऊन असताना… ती घागर गेली. पण पाचव्या दिवशी तिनं कानाशी ताट आपटलं आणि मी नुसतं म्हटलं, ‘काय गं?’ सासूबाईंनी बघितलं. सोमवारी सकाळी काठी माझ्या हातात दिली आणि आत निघून गेल्या. मला वाटलं होतं फार आनंद होईल. झालाही. पण आत त्या तांदूळ निवडत पाठमोऱ्या बसल्या होत्या ते दिसलं, ते काही बरं नाही वाटलं.

पण ती वाट! तुम्हाला काय सांगू. चाकाखाली खडीची बारीक करकर, बाकी काही नाही. मोर्णा नदी मागं पडली, बाभळीचं बन सुरू झालं, पिवळी फुलं अंगावर, मग पळस, मग नदीचं खोरं खाली पसरलेलं आणि पाण्याचे डोह चमकतायत. मी एकदाही दचकले नाही. पण यांना ते पटेना. दर दहा हातांवर यांचं, ‘दचकू नको बरं, मोर हाय.’ ‘दचकू नको, साप हाय, चालला तो.’ अहो, मोरापेक्षा हेच जास्त दचकवणारं. आणि बोलताना सारखे मान वळवून माझ्याकडे बघणार. पुढं बघायचं की नाही माणसानं?

काटेपूर्णा अर्धा कोस राहिली, उतार लागला, आणि पुढं भरावावर एक रोही, नीलगाईचा नर, चढला. घोड्याएवढा. मधोमध उभा. हे माझ्याकडे वळून बघतायत. मी म्हटलं, ‘अहो.’ हे म्हणतात, ‘भेऊ नको.’ मी म्हटलं, ‘अहो, पुढं.’ ‘मी हाय ना वं.’ आता काय करणार? रोही दहा हातांवर. माझ्या तोंडून यांचं नाव गेलं. नुसतं नाही, राव लावून, बापाच्या नावासकट, एकदम मोठ्यानं.

रोही दचकला नाही. मी दचकले नाही. हे दचकले. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर माझ्या तोंडून नाव म्हणून ऐकलं नव्हतं. यांचे दोन्ही पाय वर गेले, पायगाडी आडवी, हे खडीत. मी उडी मारून उभी. रोही आम्हाला जरा वेळ बघून उतरून गेला.

हे घोटा धरून बसले. मला वाटलं कळवळतायत. तर म्हणतात, ‘तू नाव घेतलं माह्यं.’

‘हो.’

‘बापाचंही घेतलं.’

‘हो.’

यांनी भरावाच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग हळूच, ‘कोनी आयकलं का?’

मी म्हटलं, ‘रोह्यानं.’

घोटा सुजून टम्म. मग मी यांना दांड्यावर बसवलं आणि पायगाडी ढकलत निघाले. अर्धा कोस. दोन वर्षांनी मी माहेरी निघाले ती पायी, घामाघूम, आणि पुढं नवरा बसवलेला. गावच्या पाणवठ्यावर बाया घागरी टाकून उभ्या. बघू देत. मला एकच दिसत होतं, आईचं दार.

आई दारातच होती. पाट्यावर पुरण वाटून ठेवलेलं, ऊन पाणी तयार. जावयाचा पाय बघून तिनं हाय हाय केलं, हळद गरम केली, लेप लावला, उशी दिली. मग बाहेर आली, माझ्या गालांवरून हात फिरवले, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि आई माझ्या खांद्यावरून वाटेकडं बघायला लागली. लांबवर. मी विचारलं, ‘आई, काय बघतेस?’

‘विहीनबाई मांगून येऊन राहिल्या काय वं?’

मी म्हटलं, नाही आल्या. तुम्हाला सांगते, माझ्या आईचं तोंड एवढंसं झालं. ‘काहून नाई आल्या? त्याईच्यासाठी पुरन…’ म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. आता इतक्या लांबून मी आले ती कशाला, तर आईला जवळ घेऊन बसले आणि तिचीच समजूत काढली. म्हटलं, रडू नको. एक सोमवार आहे अजून. तुझ्या जावयाचा पाय बरा झाला, की रूळ पडायच्या आत पाठवते हो त्यांना.