भाऊजींच्या हातचा ट्रान्स्फॉर्मर

हात काढा. आधी हात काढा म्हणते भाऊजी, मग तोंड चालवा — बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये अजून तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेत, आणि तुम्हाला माझ्या जेवणाच्या टेबलावरून उचलून न्यायची मला हौस नाही. हां. बसा त्या खुर्चीवर. कानात दडे बसले ना? बसू देत. कसा किंचाळला — मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा! आणि वर मलाच विचारताय, वहिनी, हे असं कसं झालं? मला? दुकानाच्या पाटीवर ‘तज्ज्ञ’ कुणाच्या नावापुढे आहे, माझ्या? मी चौथीतून शाळा सोडलेली बाई, सत्तरी उलटल्यावर व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जुळवायला बसलेली — पेटीत सुटे भाग आले, आकृतीचा कागद आला, चष्मा घरचा होताच. ट्रान्स्फॉर्मर तेवढा तुम्ही दिलात, स्वतःच्या हातानं गुंडाळलेला. ‘घ्या वहिनी, हौस आहे तर करा.’ केवढं मोठं मन!

मी तुम्हाला बोलावताना काय सांगितलं? ओरडतो, एवढंच. मग आल्या आल्या तुम्ही काय केलंत — एकदा तरी चालू करून बघितलात? नाही. मीटर लावलात? पिशवीतून काढलासुद्धा नाही. सरळ उलटा केलात, स्पीकरकडच्या दोन तारा तोडल्यात, हिची जागा तिला नि तिची हिला, आणि मला म्हणालात, ‘उलट्या जोडल्यात हो वहिनी, बायकांच्या हातून असं व्हायचंच.’ कशावरून उलट्या? बोला ना. दोन्ही तारांवर मी काळी नळी चढवलीय, अगदी टोकापर्यंत. हिरवी कुठली नि काळी कुठली हे देवालाही दिसलं नसतं — मग तुम्हाला कसं कळलं? मी सांगते. तुम्हाला ठाऊक होतं की ही बाई कागदावरच्या रंगांप्रमाणे जोडणार, आणि तुमच्या ट्रान्स्फॉर्मरवर कागदावरचे रंग चालत नाहीत. फक्त मी तशा जोडल्या नव्हत्या. मी नीट जोडल्या होत्या. आज सकाळी दोन तास वाजला भाऊजी, सनईसारखा वाजला! चांगला वाजणारा ॲम्प्लिफायर माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही बिघडवलात — आणि बिघडवून दाखवलंत की तुम्हाला सगळं माहीत आहे.

तीन आठवडे लागले मला. सगळा उसवला, पुन्हा जुळवला, तीनदा, आणि बटण दाबायचं ते हे देवळात गेले की मगच. बोटं बघा — ही भाजलेली, ही भाजलेली, ह्या बोटाचं नखच गेलं. आणि ह्या तीन आठवड्यांत तुम्ही दर रविवारी फोन करायचात, ‘काय वहिनी, रडतंय का बाळ अजून?’ — मागे तुमची बायको खिदळतेय ते मला ऐकू यायचं. शेवटी मी कागद बाजूला ठेवला. म्हटलं, कागद खरा, माझे हात खरे, मग खोटं कोण? साधी घड्याळातली बॅटरी घेतली, तुमच्या ट्रान्स्फॉर्मरच्या एका बाजूला टेकवली, दुसऱ्या बाजूला मीटरची सुई बघितली. पुढे जायला हवी, ती मागे आली. पुन्हा टेकवली. पुन्हा मागे. हिरवी ती काळी आणि काळी ती हिरवी. वाजलेल्या आवाजाचा एक घोट त्या तारांतून परत ॲम्प्लिफायरच्या आत जातो ना, तो लगाम असतो. तारा उलटल्या की लगामाचा चाबूक होतो — मग किंचाळेल नाही तर काय करेल?

काय म्हणालात? तारांचे रंग उलटे ठेवायचे, ही धंद्याची रीत. असेल! दुसऱ्या कारागिरानं उघडलं की त्यानं डोकं आपटायचं आणि गिऱ्हाइकानं तुमच्याच पायरीशी यायचं. झकास रीत आहे. संपली ती. परवाच मी चिठ्ठ्या लिहिल्या — तुमच्या ट्रान्स्फॉर्मरची कुठली तार खरी कुठली — आणि बाजारातल्या पाचही दुकानांत स्वतः नेऊन दिल्या. एकानं तर ती भिंतीवर चिकटवली. नका, आता हात जोडू नका, दिल्या म्हणजे दिल्या. ते तुमच्या-माझ्यातलं होतं, फिटलं.

पण पलंगाखाली ती पत्र्याची पेटी आहे ना — तीही मी काढली. ओळखलीत. सभागृहाचा ॲम्प्लिफायर, ह्यांनी बांधलेला. तीस वर्षांची धूळ. त्यालाही बॅटरी लावली भाऊजी, आणि सुई मागे आली. तोही तुमच्याच हातचा! भरलेलं सभागृह, ह्यांनी बटण दाबलं, आणि लोकांनी कान झाकले, पोरं रडायला लागली, व्यवस्थापकानं दोन हमालांकरवी तो बाहेर ठेवला. महिनाभर हे एकेक सांधा तपासत बसले. ट्रान्स्फॉर्मर सोडून सगळं. मीच म्हटलं होतं, तेही बघा की. तर म्हणाले, ‘धाकट्यानं गुंडाळलाय तो, त्यात काय बघायचं?’

मुद्दाम केलं नाहीत, मान्य. सवयीनं रंग उलटे गेले, तेही मान्य, चला. पण तुम्ही पहिल्या रांगेत होतात. किंचाळी ऐकल्याबरोबर तुम्हाला कळलं. दोन तारा, भाऊजी. उठून एक वाक्य बोलायचं होतं. आणि पुढच्या महिन्यात त्याच सभागृहाचं काम कुणी घेतलं? ह्यांनी तारा सांधायचा आयर्न फडक्यात बांधून ठेवला तो ठेवलाच, गोदामात पोती मोजत निवृत्त झाले. आणि मी — मी काय कमी केलं? सभागृहातून परत येताना रस्त्यात मी त्यांना म्हणाले, तुमच्या हातात कसबच नाही, लोकांसमोर माझी मान खाली घातलीत. असं म्हणाले मी. ते छत्री माझ्याकडे धरून चालत राहिले. आणि हा संच मी कशाला मागवला असेल? हौस म्हणून? त्यांना जमलं नाही ते मला जमतं हे त्यांना दाखवायला. ह्या वयात! — बघताय काय माझ्याकडे? तुमच्याकडे बघायचं चाललंय आज.

थांबा. गप्प. ऐकलंत? आतून हे हाक मारतायत. विचारतायत, तो आवाज कसला होता — आपलाच पेटीतला वाजला का? तीस वर्षांनी ऐकला त्यांनी तो आवाज, आणि त्यांना अजून वाटतं की तो त्यांचाच.

पिशवी खाली ठेवा. वय झालंय त्यांचं, धक्का बसेल, हे तुम्ही मला नका शिकवू. तीस वर्षं ते जो धक्का खिशात घेऊन फिरले त्याहून मोठा कुठला देणार आहात? मी सांगू? मी नाही सांगणार. माझं मला सांगायचंय, ते मी नंतर सांगेन, तुमचं तुम्ही. दाराकडे बघू नका, दाराला कडी मी लावलीय. उद्या नाही, बायकोला विचारून नाही, आत्ता.

जा आत, आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसा — डाव्या कानानं त्यांना काही ऐकू येत नाही.